नकाशा नसलेलं जहाज : मराठ्यांच्या गुराबीची लाकडी प्रतिकृती करताना

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आम्ही चौघं जण इथे नगरमध्ये एक जहाज बांधतोय हे कळलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : पाण्यात कुठे सोडणार? मुळा धरणात की भंडारदऱ्याला? तर आधीच सांगून टाकतो. जहाज दोन फुटांचं आहे आणि ते टेबलावरच राहणार आहे.

दुसरा प्रश्न जरा खोचक असतो. नगरचा आणि समुद्राचा संबंध काय? समुद्र बघायचा तर इथून सगळा घाट उतरावा लागतो. पण संबंध आहे, आणि जुना आहे. हे शहर ज्या निजामशाहीची राजधानी होतं, तिचं बंदर चौल होतं. १५०८ मध्ये चौलजवळच्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने तिथल्या पोर्तुगीज ठाण्याला वेढा घातला होता. जंजिऱ्याचे सिद्दीसुद्धा आधी याच दरबारचे चाकर. म्हणजे नगरच्या किल्ल्यात बसून लोकांनी समुद्राचे हिशेब केलेले आहेत. हे एवढ्यासाठी सांगितलं की आजचा विषय परका वाटू नये. निजामशाही आता इथेच सोडू आणि आंग्र्यांच्या गुराबीकडे जाऊ.

गुराब म्हणजे मराठी आरमारातलं मोठं लढाऊ जहाज. शब्द अरबी ‘घुराब’वरून आला असं सांगतात, त्याचा अर्थ कावळा. तिच्याबरोबर असायचं गलबत, म्हणजे वल्ह्यांवरही चालणारी चपळ नाव. शिवाजी महाराजांच्या हातात १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी आली आणि त्यानंतर जहाजबांधणी सुरू झाली. पुढे कान्होजी आंग्र्यांनी हे आरमार अशा ताकदीला नेलं की इंग्रज, पोर्तुगीज दोघांनाही त्याची धास्ती होती. कान्होजी १७२९ मध्ये गेले. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांनी विजयदुर्गावर हल्ला केला. वॉटसन समुद्रातून, क्लाइव्ह जमिनीवरून, आणि सांगायला बरं वाटत नाही, पण पेशव्यांच्या संमतीने. बंदरात नांगरलेल्या एका जहाजाला आग लागली, ती शेजारच्या जहाजांवर पसरली, आणि तुळाजी आंग्र्यांचं आरमार जवळजवळ सगळं जळून गेलं.

प्रतिकृती करणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की मोजायला काही शिल्लक नाही. गुराबीचा बांधणीचा नकाशाही आपल्यापाशी नाही. आपले सुतार कागदावर जहाज काढून मग बांधत नसत. माप मिस्त्रीच्या डोक्यात आणि हातात असायचं, बापाकडून मुलाकडे यायचं. ते हात गेले, त्याबरोबर माप गेलं.

याच्या उलट उदाहरण आपल्याच मुंबईचं आहे. ‘ट्रिंकोमाली’ नावाची ब्रिटिश आरमाराची फ्रिगेट मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांनी मलबारी सागवानात बांधली. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात उतरली. आज ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे, तुम्ही तिच्या डेकवर जाऊन उभे राहू शकता. तिचे नकाशे आहेत. त्या नकाशांची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. मूळ आराखडा १७८२ मध्ये पकडलेल्या ‘एबे’ या फ्रेंच जहाजावरून घेतलेला. त्याच्या प्रती मुंबईकडे निघाल्या ‘जावा’ नावाच्या जहाजातून, आणि १८१२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ ते जहाजच संपवलं. मग नव्या प्रती पाठवाव्या लागल्या. म्हणजे वाडियांसारख्या पिढीजात कारागिरालाही आरमाराचं जहाज बांधायचं तर लंडनचा कागद येईपर्यंत थांबावं लागलं.

आम्ही हात साफ केला तो ट्रिंकोमालीवरच. नकाशा समोर, प्रत्येक तोफेची खिडकी कुठे ते ठरलेलं, आपण फक्त कापायचं आणि चिकटवायचं. अठरा पौंडी तोफांच्या २८ खिडक्या मुख्य तोफमजल्यावर, एका बाजूला १४. कंटाळवाणं काम, पण चूक झाली तर लगेच कळते.

मग आम्ही गुराब करायला घेतली आणि तिथे घोळ घातला.

पहिली गुराब आमच्या हातून झाली ती खरं तर ट्रिंकोमालीच होती, फेटा बांधलेली. मागच्या बाजूला नक्षीदार काचेच्या खिडक्या, बाजूला सज्जे, बुडाची गोलाई इंग्रजी, आणि वर भगवं निशाण. दिसायला फार देखणी झाली. आम्ही ती एका प्रदर्शनात ठेवली. पुढच्याच वर्षी एका कार्यक्रमाच्या फ्लेक्सवर तिचा फोटो दिसला, खाली ओळ : सरखेल कान्होजी आंग्रे यांची गुराब. ‘प्रतिकृती’ हा शब्दसुद्धा नाही. त्यानंतर तोच फोटो एका शाळेच्या हस्तलिखितात आला. एका मुलाने त्यावरून दिवाळीच्या किल्ल्याशेजारी कागदाचं जहाज केलं होतं, सज्जांसकट. पोरगं इतकं खूश होतं की त्याला काय सांगणार? पण आम्ही घरी येऊन गप्प बसलो. कारण ते सज्जे आमच्या डोक्यातून आलेले होते, आणि आता ते मराठ्यांच्या नावावर जमा झाले होते.

पुस्तकात चूक झाली तर वाचणारा ‘कशावरून?’ असं विचारू शकतो. लाकडी वस्तूला कुणी तसं विचारत नाही. ती समोर असते, हात लावता येतो, म्हणजे खरीच असणार. म्हणून दुसरी गुराब करताना आम्ही एक नियम केला. ज्या भागाला लेखी किंवा चित्राचा आधार आहे तो भाग सागवानाचा. जो आमचा अंदाज आहे तो शिवणीचा. शिवणीचं लाकूड फिकट, पिवळसर पांढरं. सागवान तपकिरी. पॉलिश करून रंग एक करायचा नाही. उत्खननात सापडलेलं मडकं जोडताना हरवलेला तुकडा वेगळ्या रंगात भरतात ना, तसंच.

आता आधार कोणता? सगळ्यात कामाचं वर्णन रॉबर्ट ऑर्म या ईस्ट इंडिया कंपनीच्या इतिहासकाराचं, १७६३ मध्ये छापलेल्या ग्रंथातलं. शत्रूच्या बाजूचा माणूस, पण नजर चांगली. तो काय काय सांगतो ते आमच्या शब्दांत सांगतो. गुराबीला बहुधा दोन डोलकाठ्या, क्वचित तीन. तीनवाली सुमारे ३०० टनांची, दोनवाली १५० च्या आतली. पाणी फार कमी लागतं. लांबीच्या मानाने रुंद, पण मधून टोकाकडे निमुळती होत जाते. नाळ इंग्रजी जहाजासारखी फुगीर नाही, लांब सोंडेसारखी पुढे आलेली. त्या सोंडेवर डेक आहे पण त्याला कठडा नाही, कारण समोरून लाट आली की गुराब जोरात डुबकी घेते, आणि वर आलेलं पाणी अडू नये, सरळ वाहून जावं. सोंड आणि मुख्य डेक यांच्यामध्ये आडवी भिंत. त्या भिंतीला दोन खिडक्या, त्यातून नऊ किंवा बारा पौंडी दोन तोफा सोंडेवरून थेट पुढे मारा करतात. बाजूच्या तोफा सहा ते नऊ पौंडी.

बस. लांबी किती, हे तो सांगत नाही. रुंदी नाही, खोली नाही. पण ३०० टन म्हणतो, आणि तिथे आम्हाला धागा सापडला.

इंग्रजांचा त्या काळचा ‘टन’ हा वजनाचा नव्हता, जहाजाच्या मापावरून काढलेला आकडा होता. हिशेब असा : लांबीतून रुंदीचे तीन-पंचमांश वजा करा, आलेल्या आकड्याला रुंदीने गुणा, मग रुंदीच्या निम्म्याने गुणा, आणि ९४ ने भागा. मापं फुटांत. ट्रिंकोमालीची लांबी दीडशे फूट आणि रुंदी चाळीस फूट घालून पाहा, उत्तर हजाराच्या थोडं वर येतं, आणि नोंदीतही तेवढंच आहे. म्हणजे सूत्र बरोबर चालतंय.

आता हे उलटं चालवायचं. उत्तर ३०० माहीत आहे, लांबी-रुंदी काढायची. दोन अज्ञात आणि समीकरण एकच, त्यामुळे लांबी रुंदीच्या किती पट हे आपल्याला धरावं लागतं. तिप्पट धरली तर रुंदी साडेअठ्ठावीस फूट, लांबी ८६. साडेतीनपट धरली तर २७ आणि ९४. चौपट धरली तर साडेपंचवीस आणि १०२. ट्रिंकोमाली पावणेचारपटीच्या आसपास आहे. ऑर्म गुराबीला ‘लांबीच्या मानाने फार रुंद’ म्हणतो, तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर इंग्रजी जहाजंच असणार. म्हणजे गुराब त्याहून आखूड-रुंद. आम्ही साडेतीनपट घेतली.

इथे कुणी म्हणेल, ऑर्मचे ३०० टन तरी कशावरून बरोबर? अंदाजाने सांगितले असतील. खरं आहे. पण गंमत बघा, या हिशेबात लांबी-रुंदी घनमुळात येतात. ऑर्म टनांत २० टक्क्यांनी चुकला असेल तर आमची लांबी चुकते फक्त सहा टक्क्यांनी, म्हणजे साधारण सहा फूट. मोठी चूक आकसून छोटी होते. गणितावर एवढं प्रेम आम्हाला शाळेत कधी वाटलं नव्हतं.

एक शंका मात्र अजून सुटलेली नाही. या ९४ फुटांत सोंड धरायची की सोडायची? आम्ही सोडली आहे. सोंडेची लांबी शिवणीत.

प्रमाण घेतलं एकास अठ्ठेचाळीस. त्याचं कारण अगदी साधं : एक फूट म्हणजे पाव इंच, म्हणजे सुताराचे दोन सूत. मिस्त्रीला कॅल्क्युलेटर लागत नाही. ९४ फुटांची गुराब साडेतेवीस इंचांची होते, २७ फुटांची रुंदी पावणेसात इंच. खऱ्या जहाजावर नऊ इंच रुंद फळी असेल तर इथे दीड सूत.

आता तोफांमुळे काय झालं ते ऐका, कारण आमच्या मते या कामातली सगळ्यात मोठी शिकवण तिथे मिळाली. नऊ पौंडी तोफ साधारण आठेक फुटांची. ती उडाली की गाड्यासकट मागे येते, मग तिच्या तोंडातून पुन्हा दारू आणि गोळा भरायचा. म्हणजे आडव्या भिंतीच्या मागे किमान दोन तोफांच्या लांबीइतकी मोकळी जागा हवी. शिवाय दोन तोफा शेजारी-शेजारी, दोन्हीकडे माणसं. आम्ही त्याच प्रमाणात पुठ्ठ्याच्या तोफा आणि दीड इंचाची पुठ्ठ्याची माणसं केली आणि आमच्या काढलेल्या डेकवर मांडली. बसेनात! आम्ही ‘निमुळती’ हा शब्द इतका मनावर घेतला होता की भिंतीपाशी रुंदी जेमतेम ११ फूट उरली होती. ती १६ फुटांपर्यंत वाढवली तेव्हा माणसांना हात हलवता यायला लागले. मग बाजूची सगळी रेघ पुन्हा आखावी लागली. म्हणजे मधून रुंदी बराच वेळ टिकते आणि शेवटी एकदम आवळते. तेव्हा समजलं की ती सोंड शोभेची नाही. सगळी गुराब त्या दोन तोफांभोवती रचलेली आहे. लढाईची रीतही तीच होती : वारा पडला की गलबतं वल्ही मारत गुराबींना ओढून शत्रूच्या पाठीमागे नेत, गुराबी लांबून डोलकाठ्यांवर मारा करत, जहाज लंगडं झालं की गलबतांतली माणसं चहूबाजूंनी वर चढत. ज्या जहाजाला पुढे तोंड करून मारायचंय त्याला बाजूच्या तोफांचे मजल्यावर मजले कशाला हवेत? तरी आपल्याकडे चित्रांत मराठी जहाजाला तीन मजली तोफा दाखवायचा मोह सुटत नाही.

लाकडाबद्दल थोडं. सागवान आम्ही पाडलेल्या वाड्यांचं वापरलं. जुन्या चौकटी, तुळयांचे तुकडे, दारांच्या फळ्या. इतकं मुरलेलं लाकूड आज वखारीत मिळत नाही. पण लहान प्रमाणात सागवान त्रास देतं. त्याची छिद्रं मोठी, अर्ध्या सुताच्या फळीवर ती खड्ड्यांसारखी दिसतात, आणि वाकवताना कट्कन तुटतं. शिवाय अंगचं तेल असल्यामुळे गोंद धरत नाही, चिकटवण्याआधी थिनरने पुसून घ्यावं लागतं. परदेशातले लोक त्यासाठी बारीक पोताची लाकडं घेतात. आम्ही हट्टाने सागवान ठेवलं, ते बरोबर केलं का याबद्दल आमच्यातच दोन मतं आहेत.

वाकड्या भागांचं ज्ञान आम्हाला जहाजाच्या पुस्तकातून नाही, बैलगाडीच्या सुताराकडून मिळालं. आपल्याकडे गाडीला बाभूळ वापरतात. जुना सुतार वाकडा भाग सरळ फळीतून कधी कापत नाही, तशाच वाकलेली फांदी शोधतो, म्हणजे लाकडाच्या शिरा वळणाबरोबर जातात आणि तुकडा चिरत नाही. जगभरचे जहाज बांधणारे हेच करत आले. आम्ही नाळेचा तुकडा पहिल्यांदा फळीतून कापला, तो शिरेवर दुभंगला. मग बाभळीची बोटाएवढी वाकडी फांदी आणली, वर्षभर सावलीत वाळवली.

आणि हवा. नगरची हवा हा आमचा मोठा शत्रू. श्रावणात बसवलेल्या फळ्या चैत्रात उघड्या पडल्या, सांध्यांतून उजेड दिसायला लागला. लाकूड रुंदीत आकसतं, लांबीत फारसं नाही. खरं जहाज पाण्यात असतं, फळ्या फुगून सांधे घट्ट राहतात. आमचं कोरड्या नगरमध्ये टेबलावर. तेव्हा आता फळ्या कापून आधी एक उन्हाळा तशाच ठेवतो, आणि बसवायचं काम होळी ते पाऊस या दिवसांतच करतो.

दोरांचं काम मजेचं आहे. बाजारातला दोरा तसाच लावला तर तो दोराच दिसतो, दोर दिसत नाही. त्यामुळे वळावा लागतो. ज्यांनी घरी घायपाताचं चऱ्हाट वळताना पाहिलंय त्यांना सांगायला नको : आधी प्रत्येक पदराला एका दिशेने पीळ, मग तीन पदर एकत्र करून उलट्या दिशेने. दोन्ही पीळ एकमेकांना अडवून धरतात म्हणून दोर सुटत नाही. आम्ही ड्रिल मशीनला आकडा लावून सुती दोऱ्याचं तेच करतो. रंगाचीही एक गोष्ट आहे. युरोपच्या जहाजांचे डोलकाठी ताणून धरणारे दोर डांबर लावून काळे असत, म्हणून सगळ्या प्रतिकृतींत काळेच दिसतात. आपल्या किनाऱ्यावरचा दोर काथ्याचा. तो आम्ही चहाच्या पाण्यात रंगवला.

आता जहाज जवळजवळ पूर्ण आहे आणि समोर ठेवलंय. बघा. सोंडेचा डेक, आडवी भिंत, दोन खिडक्या, पुढच्या तोफांचे गाडे, तीन डोलकाठ्या, हे सागवानी. बुडाची गोलाई, मागची बाजू, सुकाणू, कठड्याची उंची, सोंडेवरचं टोक, हे शिवणीचं. मोजायला गेलात तर फिकट रंग जास्त भरेल. सुरुवातीला आम्हाला ते बघवत नव्हतं. इतक्या वर्षांचं काम आणि निम्मं जहाज पांढरं!

वेळ होत आलाय, प्रश्न घेऊ.

एका ताईंनी विचारलंय, शिडं का नाहीत? आहेत, पण परबाणांवर गुंडाळून ठेवलीत. अठराव्या शतकातल्या चित्रांत गुराबीला चौकोनी शिडं दिसतात, गलबताला एकच मोठं तिरकं. पण शिडाचा नेमका कापडी आकार, शिवणी, दोर कुठे बांधायचे, हे चित्रांवरून ठरत नाही. उघडं शीड लावलं तर तेच सगळ्यात आधी नजरेत भरणार, आणि ते सगळं अंदाजाचं.

मागे बसलेल्या काकांचा प्रश्न : वीरगळांवर जहाजं आहेत, ती का वापरली नाहीत? चांगला प्रश्न. बोरिवलीजवळ एक्सरला आहेत, वल्ह्यांची रांग अगदी स्पष्ट. पण ती कान्होजींच्या कितीतरी शतकं आधीची. तेवढ्या काळात जहाज किती बदललं असेल? त्यावरून गुराब काढणं म्हणजे पणजोबांच्या फोटोवरून नातवाचा पासपोर्ट करण्यासारखं होईल.

आणि ही समोरची मुलगी विचारतेय, तुम्हाला खरा नकाशा सापडला तर? तर शिवणीचे तुकडे काढता येतील. ते गोंदाने चिकटवलेले नाहीत, लाकडी खिळ्यांवर बसवलेत. ये पुढे, हे मागचं टोक काढून बघ. हळू.